रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे डॉक्टर रूडॉल्फ फिरखो

घरांतील एखादें वडील माणूस नित्याप्रमाणें सकाळीं उठतें, अंगणांत येतें, आणि बोलतां बोलतां त्याची जीभ अडखळते. तोंड एका बाजूस वांकडें होतें, हातांतील तांब्या गळून पडतो व पाहतां पाहतां अर्धें अंग लुळें पडतें. ह्या दुखण्यास आपण अर्धांगवायु, पक्षाघात किंवा लकवा म्हणतों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें आपल्या घरीं, नाहीं तर शेजारीं, पाहिलें असेल. तें इतकें अकस्मात् येतें कीं, पूर्वींच्या लोकांस तो दैवाचा घाला वाटे. इंग्रजींत त्यास 'स्ट्रोक', म्हणजे तडाखा, असें नांव पडलें तेंही ह्याच समजुतीमुळें. परंतु ज्यास आपण अकस्मात् म्हणतों त्याची तयारी बहुधा पुष्कळ दिवस आधींपासून रक्तवाहिन्यांच्या आंतल्या बाजूस चाललेली असते. ही गोष्ट ज्यांच्या परिश्रमांनीं उघडकीस आली त्यांत जर्मनीचे डॉक्टर रूडॉल्फ फिरखो ह्यांचें स्थान फार वरचें आहे. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रूडॉल्फचा जन्म ता. १३ ऑक्टोबर १८२१ रोजीं प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतांत, शीफेलबाइन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. हें गांव आज पोलंड देशांत मोडतें. त्याचे वडील शेती करीत व गांवच्या खजिन्याचें काम पाहत. आईबापांचा हा एकुलता एक मुलगा. घरीं श्रीमंती नव्हती, पण मुलाच्या शिक्षणाची कळकळ होती. कोस्लीन येथील हायस्कुलांत त्याचें शिक्षण झालें. इ.स. १८३९ सालीं शाळा सोडतांना त्यानें जो निबंध लिहिला त्याचा विषय असा होता कीं, कष्टांनीं भरलेलें आयुष्य हें ओझें नसून तें एक वरदान आहे. शाळेंत लिहिलेले निबंध पुष्कळजण शाळेंतच ठेवून जातात. ह्या मुलानें तो पुढें ६३ वर्षें आचरून दाखविला.

आरंभीं त्याचा विचार धर्मोपदेशक होण्याचा होता. परंतु आपला आवाज बारीक आहे, तो देवळांतील व्यासपीठावरून सर्वांस ऐकूं जाणार नाहीं, असें वाटून त्यानें तो बेत सोडला व वैद्यकाकडे आपला मोर्चा वळविला. बर्लिन येथें लष्करासाठीं डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथें हुशार पण गरीब मुलांस शिक्षण मिळे व त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें लष्करी चाकरी करावी लागे. रूडॉल्फ तेथें दाखल झाला. योहानेस म्यूलर ह्यांसारखा नामांकित गुरु त्यास लाभला. इ.स. १८४३ सालीं तो डॉक्टर झाला व बर्लिनच्या शारिटे नांवाच्या मोठ्या रुग्णालयांत कामास लागला.

येथें त्यांचे वरिष्ठ डॉक्टर फ्रोरीप हे होते. मृत रोग्यांचीं शरीरें तपासून रोगाचें कारण ठरविणें हें त्यांचें काम. त्यांनीं ह्या तरुण सहाय्यकास एक विषय नेमून दिला. तो म्हणजे शिरांचा दाह. त्या काळीं पॅरिसचे क्रूव्हेल्ये ह्या मोठ्या वैद्याचें मत सर्वत्र चालत असे. तें असें कीं, रक्तवाहिनीच्या आंत कोठेंही रक्ताची गुठळी सांपडली, तर ती त्याच जागीं दाह होऊन तेथेंच उत्पन्न झालेली असली पाहिजे. मत मोठ्या माणसाचें असल्यामुळें इतरांनीं तें बहुतेक तसेंच स्वीकारलें होतें. पंचविशीच्या आंतील फिरखो ह्यांनीं मात्र प्रत्येक गुठळीपाशीं थांबून एक साधा प्रश्न विचारला: ही येथें आली कोठून?

मृत शरीरें तपासतांना त्यांस असें दिसलें कीं, ज्यांच्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनींत गुठळी असते त्यांच्या पायांच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांतही पुष्कळदां गुठळ्या असतात. आणि फुप्फुसांतील धमनीचा कांठ तर कित्येकदां निरोगी असतो. मग दाह झाला कोठें? त्यांनीं अनुमान केलें कीं, शिरेंतील गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत हृदयांत येतो व तेथून फुप्फुसांत जाऊन अडकतो. केवळ अनुमानावर ते थांबले नाहींत. त्यांनीं कुत्र्यांच्या मानेंतील शिरेंत रबराचे, मांसाचे व गोठलेल्या रक्ताचे लहान तुकडे सोडून पाहिले, आणि पुढें तपासणी केली तेव्हां ते तुकडे फुप्फुसाच्या धमन्यांत सांपडले. रबर कांहीं फुप्फुसांत उत्पन्न होत नाहीं! ह्या प्रयोगानें वादाचा निकाल लागला. फिरखो ह्यांनीं आपलें हें काम इ.स. १८४६ सालापासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

ह्याच विचाराचा धागा धरून ते पुढें मेंदूकडे वळले. स्वित्झर्लंडमधील वेपफर नांवाच्या वैद्यानें इ.स. १६५८ सालींच असें दाखविलें होतें कीं, झटका येऊन मेलेल्या कांहीं रोग्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला असतो. परंतु सर्वच रोग्यांच्या मेंदूंत रक्त सांडलेलें नसे; कित्येकांत मेंदूचा एखादा भाग नुसताच मऊ पडलेला दिसे. फिरखो ह्यांनीं दाखवून दिलें कीं, हृदयाच्या डाव्या भागांतून किंवा मोठ्या धमनींतून सुटलेला तुकडा मेंदूच्या धमनींत जाऊन अडकतो, पुढच्या भागास रक्त मिळेनासें होतें व तो भाग मरून मऊ पडतो. आज आपणांस माहीत आहे कीं, अर्धांगाचे बहुसंख्य झटके धमनी बंद झाल्यामुळें येतात, व उरलेले ती फुटल्यामुळें. रक्तवाहिनींत जागच्या जागीं गुठळी होण्यास 'थ्रॉम्बोसिस' व ती सुटून दुसरीकडे अडकण्यास 'एम्बोलिझम' असें डॉक्टर लोक म्हणतात. ह्या शब्दांचा आजचा अर्थ फिरखो ह्यांनींच ठरवून दिलेला आहे.

गुठळी दुसरीकडून येते हें खरें. पण जेथून ती निघते तेथें ती मुळांत कां होते? फिरखो ह्यांच्या ह्या विषयावरील लेखांचा संग्रह इ.स. १८५६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विवेचनाच्या आधारानें पुढील पिढ्यांनीं गुठळीचीं तीन कारणें सांगितलीं: रक्तवाहिनीच्या कांठास झालेली इजा, रक्ताच्या प्रवाहास आलेली मंदी, आणि खुद्द रक्तांत झालेला बदल. पाटाचें पाणी तुंबलें तर शेतकरी हेंच पाहतो. पाटाची कड ढांसळली काय, पाण्याचा वेग कमी झाला काय, कीं पाणीच गढूळ आलें? ह्या तीन कारणांस आज जगभर 'फिरखोचें त्रिक' म्हणतात. म्हातारपणीं धमन्या जाड व कठीण होतात त्या रोगाविषयींही त्यांचें मत असें होतें कीं, त्याचा आरंभ धमनीच्या आंतल्या थरांतील दाहापासून होतो. हें मत मध्यंतरीं मागें पडलें होतें. अलीकडील शोधांनीं दाहाचा ह्या रोगांत मोठा भाग आहे हें पुन्हा सिद्ध झालें आहे.

येथवर फिरखो हे केवळ शवविच्छेदनाच्या खोलींत बसणारे विद्वान होते. इ.स. १८४८ च्या आरंभीं त्यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. प्रशियाच्या अप्पर सायलेशिया प्रांतांत टायफस ज्वराची भयंकर सांथ पसरली होती. तेथील लोक पोलिश भाषा बोलणारे व अत्यंत दरिद्री होते. पिकें बुडून दुष्काळ पडला होता. सरकारनें चौकशीसाठीं फिरखो ह्यांस पाठविलें. सुमारें तीन आठवडे ते झोंपड्याझोंपड्यांतून हिंडले, आणि येथेंही त्यांनीं आपला तोच प्रश्न विचारला: ही सांथ आली कोठून? त्यांनीं जो अहवाल दिला त्यांत औषधांची यादी नव्हती. लोकांस त्यांच्याच भाषेंत शिक्षण द्या, रस्ते बांधा, शेती सुधारा, गरिबांवरील कराचा बोजा श्रीमंतांवर न्या, व लोकांस आपला कारभार आपण करूं द्या, अशी त्यांची शिफारस होती. ज्या सरकारनें त्यांस पाठविलें त्यास हें वाचून काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

ते बर्लिनला परत आले तों राज्यक्रांतीचा भडका उडाला. मार्च महिन्यांत लोकांनीं रस्त्यांत आडोसे उभारले, त्यांत फिरखो हेही सामील होते. वैद्यकाची सुधारणा करण्यासाठीं त्यांनीं एक साप्ताहिकही चालविलें. क्रांति फसली, व दुसऱ्या वर्षीं सरकारचा रोष होऊन त्यांस बर्लिन सोडावें लागलें. बव्हेरियांतील व्यूर्त्सबुर्ग विद्यापीठानें त्यांस मानानें बोलावून प्राध्यापक नेमिलें. इ.स. १८५० सालीं त्यांनीं रोझा मायर ह्या तरुणीशीं विवाह केला. त्यांस पुढें सहा अपत्यें झालीं.

व्यूर्त्सबुर्ग येथील सात वर्षांत त्यांच्या मनांत एक मोठें तत्त्व परिपक्व झालें. प्राण्याचें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें हें श्वान ह्या शास्त्रज्ञानें पूर्वींच सांगितलें होतें. पण नवी पेशी कोठून येते? ती एखाद्या रसांतून आपोआप जमते असें तेव्हां पुष्कळांस वाटे. फिरखो ह्यांनीं ठामपणें प्रतिपादन केलें कीं, प्रत्येक पेशी ही पूर्वींच्या पेशीपासूनच जन्मते; आणि रोग म्हणजे बाहेरून शिरलेलें भूत नव्हे, तर आपल्याच पेशींच्या जीवनक्रमांत झालेला बिघाड होय. इ.स. १८५६ सालीं बर्लिननें त्यांस परत बोलाविलें व त्यांच्यासाठीं नवी प्रयोगशाळा बांधून दिली. तेथें इ.स. १८५८ सालीं त्यांनीं दिलेलीं २० व्याख्यानें पुस्तकरूपानें निघालीं, व त्या पुस्तकानें वैद्यकाचा पाया बदलून टाकला.

बर्लिन शहरावर तर त्यांचे उपकार फारच मोठे आहेत. इ.स. १८५९ पासून मरेपर्यंत ते नगरसभेचे सभासद होते. शहरांतील घाण उघड्या गटारांतून वाहत असे. इंजिनिअर होब्रेख्ट ह्यांच्या साह्यानें त्यांनीं जमिनीखालून नळांची योजना पार पाडविली. मांसांतील सूक्ष्म कृमींपासून माणसांस रोग होतो हें पाहून त्यांनीं मांसतपासणीचा कायदा व्हावा म्हणून खटपट केली. प्रशियाच्या विधिमंडळांत ते बिस्मार्कचे कट्टर विरोधक होते. इ.स. १८६५ सालीं एका वादविवादानंतर बिस्मार्कनें त्यांस द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें, पण फिरखो ह्यांनीं तें नाकारलें.

त्यांनीं शाळेंतील मुलांचीही एक मोठी पाहणी केली, ती आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. जर्मनीतील सुमारें ६७ लक्ष मुलांच्या डोळ्यांचा, केसांचा व कातडीचा रंग नोंदवून त्यांनीं दाखविलें कीं, गोरे व सांवळे सर्वत्र मिसळलेले आहेत. एकाच शुद्ध वंशाचें राष्ट्र ही कल्पना निराधार आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें त्याच देशांत ह्या सत्याकडे पाठ फिरविली गेली, व त्याचे भयंकर परिणाम साऱ्या जगानें पाहिले.

इतक्या गुणांबरोबर त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीं तर चरित्र अपुरें राहील. पेशीपासून पेशी होते हें रॉबर्ट रेमाक ह्या विद्वानानें त्यांच्या आधीं दाखविलें होतें; त्यास फिरखो ह्यांनीं योग्य तें श्रेय दिलें नाहीं. बाळंतिणींच्या ज्वराविषयीं झेमेलवाइस ह्यांनीं लावलेला शोध त्यांनीं वेळीं मानला नाहीं. जंतूंमुळें रोग होतात ह्या मताविषयींही ते दीर्घकाळ साशंक राहिले. निआंडरथल येथें सांपडलेलें प्राचीन मानवाचें डोकें त्यांनीं रोगट माणसाचें ठरविलें. ज्या तरुणानें मोठ्यांच्या मतापुढें मान तुकविली नाहीं, तोच वृद्धपणीं स्वतः मोठें मत होऊन बसला. ज्या ज्या ठिकाणीं त्यांनीं आपला जुना प्रश्न मोकळ्या मनानें विचारला तेथें ते जिंकले. जेथें उत्तर आधींच ठरवून ठेविलें तेथें हरले.

इ.स. १९०१ सालीं त्यांचा ८० वा वाढदिवस जगभर साजरा झाला. परंतु लवकरच, ता. ४ जानेवारी १९०२ रोजीं, बर्लिनच्या रस्त्यांत चालत्या ट्रामगाडींतून उडी मारतांना ते पडले व त्यांच्या मांडीचें हाड मोडलें. त्यांतून ते पूर्वस्थितीस आलेच नाहींत. ता. ५ सप्टेंबर १९०२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

फिरखो गेले, पण त्यांचा प्रश्न चालूच राहिला. त्यांस रक्तवाहिनीचा कांठ पाहण्यासाठीं मृत शरीर उघडावें लागे. जिवंत रोग्याच्या धमनीस आंतून इजा झाली आहे कीं नाहीं हें कळावें कसें? ह्याचें उत्तर रक्तांतच शोधण्याचा प्रयत्न आतां चालला आहे. रक्तवाहिनीस आंतून एकाच पेशीइतक्या जाडीचें नाजूक अस्तर असतें. तें निरोगी असतें तोंवर रक्त त्यावरून सुखानें वाहतें. त्यास इजा झाली कीं, त्या पेशींतील कांहीं पदार्थ रक्तांत उतरतात. भिंत खचूं लागली म्हणजे नळाच्या पाण्यांत चुना दिसूं लागतो, तसाच हा प्रकार.

ह्या पदार्थांपैकीं एकाचा इतिहास मनोरंजक आहे. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड ह्यांनीं इ.स. १९२६ सालीं ऑलंड बेटांतील एका कुटुंबाचा आनुवंशिक रोग वर्णिला. त्या कुटुंबांतील माणसांचें रक्त लवकर थांबत नसे. पुढें कळलें कीं, त्यांच्या रक्तांत एक आवश्यक पदार्थ कमी आहे. हा पदार्थ मुख्यतः रक्तवाहिनीच्या अस्तरांतील पेशी तयार करतात, व रक्तकणिकांस जखमेवर चिकटविण्याचें काम तो करतो. त्यास आज विलेब्रांड ह्यांचेंच नांव आहे. तो कमी पडला तर रक्त वाहत राहतें. उलट अस्तरास इजा झाली तर तो रक्तांत वाढतो, व अर्धांगाच्या रोग्यांत तो पुष्कळदां वाढलेला आढळतो. तसाच 'थ्रॉम्बोमोड्युलिन' नांवाचा पदार्थ अस्तराच्या पृष्ठभागावर असतो. इजा झाली म्हणजे त्याचे तुकडे रक्तांत सांपडतात. गुठळी विरघळूं लागली कीं तिच्या धाग्यांचे जे अवशेष रक्तांत येतात त्यांस 'डी-डायमर' म्हणतात. फिरखो ह्यांनीं सांगितलेला कांठ, प्रवाह व रक्त ह्यांचाच हा नवा हिशेब होय.

परंतु येथें सावधपणा हवा. हे पदार्थ इतर रोगांत, शस्त्रक्रियेनंतर व वाढत्या वयांतही वाढतात. म्हणून त्यांपैकीं कोणत्याही एकावरून अर्धांगाचें निदान करतां येत नाहीं. धमनी बंद झाली कीं फुटली हें कळण्यास मेंदूचें छायाचित्र काढावेंच लागतें. कारण गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या प्रकारांत तारक, तर दुसऱ्यांत मारक असतें. तें औषध सामान्यतः झटक्यानंतर साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें.

पालकांस आमची हात जोडून विनंती आहे कीं, घरांत कोणाचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, हात उचलेनासा झाला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर मालिश, काढा, अंगारा ह्यांत घटकाभरही दवडूं नये. मेंदूचें छायाचित्र काढण्याची सोय असलेलें रुग्णालय तत्काळ गांठावें, व दुखण्यास कोणत्या वेळीं आरंभ झाला तें ध्यानांत ठेवून डॉक्टरांस सांगावें. रक्तदाब तपासून घेणें, तंबाखू व विडी सोडणें, मधुमेह ताब्यांत ठेवणें, ह्यांनीं धमनीचें अस्तर सुरक्षित राहतें. वर्षानुवर्षें दुर्लक्ष करून मग दैवास दोष देणें हें शहाणपणाचें नव्हे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आम्ही एवढेंच सांगतों. फिरखो ह्यांस गुठळी दिसली ती त्यांच्या आधींच्या शेंकडों वैद्यांसही दिसली होती. दृष्टि सर्वांस होती. ही येथें आली कोठून, असें विचारण्याचें धैर्य मात्र एका तरुणास झालें. पुस्तकांतील उत्तर पाठ करणें सोपें आहे, व परीक्षेसाठीं तें करावेंही लागतें. पण त्याबरोबर प्रश्न विचारण्याची संवय तुम्हांस लागो, आणि मान्यता व मोठेपणा मिळाल्यावरही ती न सुटो, अशी आमची इच्छा आहे.